उन्हानेच जळते तण

ठाण्याच्या माजिवडे नाक्यावरून घोडबंदर रोडला लागले, की मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळे, भाईंदरपाडा, गायमुख अशी नावे एकामागून एक येतात. आज ती बसथांब्यांची आणि गृहसंकुलांची नावे वाटतात. पण ही सारी गावे आणि पाडे आहेत. डाव्या हाताला येऊरचे डोंगर, उजव्या हाताला वसईची खाडी आणि मधल्या पट्टीत भाताची खाचरे, अशी या भागाची जुनी ओळख होती.

या खाचरांत पावसाळ्यापूर्वी राब भाजला जाई. रोपे तयार करायच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, झाडांच्या वाळलेल्या डहाळ्या आणि गवत यांचे थर द्यायचे, वरून थोडी माती पसरायची आणि ते सारे सावकाश जळू द्यायचे. या पद्धतीकडे शास्त्रज्ञांचेही लक्ष गेले होते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील हॅरॉल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह राबावर लिहिलेला निबंध १९१२ साली प्रसिद्ध झाला. राबाचे फायदे अनेक, पण त्यातला एक शेतकऱ्याला डोळ्यांनी दिसे. भाजलेल्या मातीतले तणांचे बी जळून जाई आणि रोपे मोकळी वाढत.

आग मात्र पेरणीपूर्वीच चालते. लावणी झाल्यावर खाचरात भाताबरोबर तणही उगवते आणि त्यातली काही गवते कोवळेपणी भातासारखीच दिसतात. मग चिखलात वाकून एकेक रोप पारखायचे आणि तण उपटायचे, म्हणजे बेणणी करायची. आगीला पीक आणि तण यांतला फरक कळत नाही, बेणणी करणाऱ्या बाईच्या हाताला तो कळतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच परिसरात, कोलशेत रोडवर, बायर कंपनीचा कारखाना उभा होता. शेतीसाठी लागणारी रसायने हा या कंपनीच्या भारतातील कामाचा मोठा भाग. आता त्या जमिनीवर निवासी मनोरे आहेत आणि कंपनीचे कार्यालय घोडबंदर रोडवरच्या हिरानंदानी इस्टेटमध्ये आहे. ऊस आणि सोयाबीन पिकवणाऱ्या आपल्याकडील अनेक शेतकऱ्यांच्या परिचयाचे मेट्रिब्युझिन हे तणनाशक याच कंपनीच्या जर्मनीतील संशोधनातून आले. ते थेट प्रकाशसंश्लेषणावर घाव घालते.

येथे एखादा चौकस विद्यार्थी आपल्याला अडवील. प्रकाशसंश्लेषण तर पिकातही होते आणि तणातही. मग हे औषध तणालाच कसे मारते? बेणणी करणाऱ्या हाताला जो फरक कळतो, तो या रसायनाला कसा कळतो? या प्रश्नाचे उत्तर मिळायला शास्त्रज्ञांना तीस-पस्तीस वर्षे लागली आणि त्या शोधात खुद्द प्रकाशसंश्लेषणाचेच कोडे बरेचसे उलगडले.

हिलचा प्रयोग आणि दिव्यांची कंपनी

केंब्रिजमधील रॉबर्ट हिल यांनी १९३७ साली एक साधा पण मोठा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी पाने वाटून त्यांतील हरितलवके वेगळी काढली. त्यांना कार्बन डायऑक्साइड न देता, त्याऐवजी इलेक्ट्रॉन स्वीकारू शकणारे लोहाचे क्षार दिले. प्रकाश पडताच ऑक्सिजन बाहेर पडू लागला. याचा अर्थ असा, की ऑक्सिजन सुटणे आणि साखर बनणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. प्रकाशाच्या बळावर पाण्यातून इलेक्ट्रॉन काढले जातात आणि ते पुढे कोणाला तरी दिले जातात. या क्रियेला आज हिल अभिक्रिया म्हणतात. लोहाच्या क्षाराऐवजी एक निळा रंग वापरला, तर इलेक्ट्रॉन मिळताच तो बिनरंगी होतो. त्यामुळे इलेक्ट्रॉन वाहताहेत की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी समजते.

१९५१ साली अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीच्या शास्त्रज्ञांनी युरियापासून बनवलेल्या एका नव्या तणनाशकाची माहिती प्रसिद्ध केली. ते मोन्युरॉन. त्याचाच भाऊ डाययुरॉन, ज्याला प्रयोगशाळेत डीसीएमयू म्हणतात. तण मरत होते हे खरे, पण कशाने मरत होते? १९५६ साली याचे उत्तर दिले ते हॉलंडमधील वेसेल्स आणि व्हॅन डर वीन यांनी. हे दोघे काम करत होते आइंडहोव्हेन येथील फिलिप्सच्या, म्हणजे दिवे आणि रेडिओ बनवणाऱ्या कंपनीच्या, संशोधनशाळेत. या द्रव्यांची अगदी थोडी मात्रा हरितलवकांना दिली तरी हिल अभिक्रिया थांबते, असे त्यांना आढळले. प्रकाश आहे, पाणी आहे, हरितद्रव्य आहे, पण इलेक्ट्रॉन पुढे जात नाहीत.

त्याच सुमारास स्वित्झर्लंडमधील बाझलच्या गायगी कंपनीने सिमाझिन आणि ॲट्राझिन ही तणनाशके आणली. रासायनिक घडण अगदी वेगळी, पण परिणाम तोच. वेगवेगळ्या आकाराच्या किल्ल्या एकाच कुलुपात शिरून अडकाव्यात, तसा हा प्रकार होता. ते कुलूप कोणते, हा पुढचा प्रश्न ठरला.

विष झाले हत्यार

यंत्र कसे चालते हे कळत नसेल, तर त्याचा एक भाग अडवून पाहावा आणि काय काय बंद पडते ते टिपावे. डीसीएमयूने शास्त्रज्ञांच्या हाती नेमके असे हत्यार दिले.

१९६१ साली हॉलंडमधील डुइसेन्स आणि त्यांचे सहकारी एका सूक्ष्म लाल शैवालावर काम करत होते. इलेक्ट्रॉनच्या वाटेवर सायटोक्रोम नावाचे एक प्रथिन असते. शैवालावर लाल प्रकाश टाकला, की हे प्रथिन इलेक्ट्रॉन गमावी. हिरवा प्रकाश टाकला, की ते इलेक्ट्रॉन परत मिळवी. दोन रंगांचे दोन विरुद्ध परिणाम! मग त्यांनी डीसीएमयू मिसळले. आता हिरव्या प्रकाशातही सायटोक्रोम इलेक्ट्रॉन गमावूच लागले, त्याला ते परत मिळेनात. यातून चित्र स्पष्ट झाले. पानात प्रकाश झेलणाऱ्या दोन यंत्रणा एकापाठोपाठ काम करतात. एक पाण्याकडून इलेक्ट्रॉन घेऊन सायटोक्रोमकडे पाठवते, तिला दुसरी प्रकाशप्रणाली म्हणतात. दुसरी त्याच्याकडून घेऊन पुढे नेते, ती पहिली प्रकाशप्रणाली. (क्रम उलटा वाटतो खरा, पण नावे पडली ती पडली.) डीसीएमयू या दोहोंच्या मधली वाट अडवते.

आपल्या पाठ्यपुस्तकात प्रकाशसंश्लेषणाची जी नागमोडी आकृती असते, तिच्यामागे असे प्रयोग आहेत. ती शिकवताना हे मुलांना अवश्य सांगावे.

या कामात आपल्या जवळची एक जागाही आहे. ठाण्याच्या खाडीच्या काठाने दक्षिणेकडे गेले, की तुर्भ्याचे, म्हणजे ट्रॉम्बेचे, भाभा अणुसंशोधन केंद्र लागते. तेथे १९७०च्या दशकात प्रफुल्लचंद्र साने, टी. एस. देसाई आणि व्ही. जी. ताटके यांनी पालकाच्या पानांवर एका वेगळ्याच पद्धतीने काम केले. प्रकाश दिलेले पान खूप थंड करायचे आणि मग अंधारात हळूहळू तापवायचे. ठरावीक तापमानांना पानातून अतिशय मंद प्रकाश बाहेर पडतो. अडकून पडलेले इलेक्ट्रॉन मागे परतताना हा प्रकाश देतात. किती अंशांना प्रकाश पडला, यावरून इलेक्ट्रॉन कोठे अडकला होता याचा अंदाज करता येतो. अशा अभ्यासात डीसीएमयू फार उपयोगी पडते. एरवी सुमारे ३० अंश सेल्सियसला दिसणारे प्रकाशाचे शिखर डीसीएमयू दिल्यावर बरेच खालच्या तापमानाला सरकते, म्हणजे इलेक्ट्रॉन एक पायरी आधीच अडला हे कळते. साने त्याआधी अमेरिकेत बर्कले येथे पार्क यांच्याबरोबर होते. दोन प्रकाशप्रणाली हरितलवकाच्या पटलांत वेगवेगळ्या जागी वसलेल्या असतात, हे दाखवणाऱ्या १९७०च्या संशोधनात त्यांचा वाटा होता. पुढे ते लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचे संचालक झाले.

उपासमार नव्हे, होरपळ

प्रकाशसंश्लेषण थांबले म्हणजे साखर बनणे थांबले, म्हणून तण उपाशी मरते, असे आपण सहज सांगून जातो. ते पुरते बरोबर नाही. एखादी कुंडी काही दिवस अंधाऱ्या खोलीत ठेवा. प्रकाशसंश्लेषण बंद असूनही रोप दोन दिवसांत करपत नाही, ते साठ्यावर तग धरते. तणनाशक मारलेले रोप मात्र उन्हात भराभर पिवळे पडते, कडेपासून करपते. तेच रोप अंधारात ठेवले, तर ही करपण दिसत नाही.

याचे कारण असे. हरितद्रव्य प्रकाश झेलण्याचे थांबवत नाही, पण झेललेली ऊर्जा पुढे द्यायला वाट उरलेली नसते. तिचा काही भाग लाल चकाकीच्या रूपाने बाहेर पडतो आणि काही भाग जवळच्या ऑक्सिजनला मिळतो. असा चेतवलेला ऑक्सिजन फार घातक असतो. तो हरितलवकाच्या पटलांतील स्निग्ध पदार्थांवर तुटून पडतो, पटले फाटतात आणि पेशी मरतात. तणनाशक फक्त दार लावून घेते. तण जाळते ते ऊनच.

पॅराक्वाट हे तणनाशक हीच होरपळ दुसऱ्या रीतीने घडवते. ते वाट अडवत नाही, तर पहिल्या प्रकाशप्रणालीकडून इलेक्ट्रॉन पळवून ऑक्सिजनला देते. त्यामुळे भर उन्हात काही तासांतच पाने कोमेजतात. हे द्रव्य माणसालाही तितकेच जीवघेणे आहे आणि त्यावर उतारा नाही, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असायला हवे. सर्वच तणनाशके प्रकाशसंश्लेषणावर घाव घालतात असेही नाही. ‘टू-फोर-डी’ वाढीचे संप्रेरक असल्याचे सोंग आणते, तर ग्लायफोसेट काही अमायनो आम्ले तयार होण्याचे थांबवते.

एका खुर्चीची गोष्ट

आता पुन्हा कुलुपाकडे येऊ. १९६८ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एका रोपवाटिकेत एक विचित्र गोष्ट दिसली. तेथे वर्षानुवर्षे सिमाझिन व ॲट्राझिन वापरत होते, पण एक साधे तण आता त्यांना दाद देईना. रायन यांनी १९७० साली ही माहिती प्रसिद्ध केली. नंतर आपल्या माठाच्या कुळातील तणांतही तसेच आढळले. या झाडांची हरितलवके वेगळी काढून तपासली, तरी ॲट्राझिनचा त्यांच्यावर परिणाम होईना. म्हणजे बदल कुलुपातच झाला होता.

हे कुलूप म्हणजे दुसऱ्या प्रकाशप्रणालीतील डी-१ नावाचे प्रथिन. त्यात एक खाच असते. एरवी प्लास्टोक्विनोन नावाचा छोटा रेणू या खाचेत येऊन बसतो, इलेक्ट्रॉन घेतो आणि उठून पुढे जातो. ही खाच म्हणजे हमालांनी येऊन बसायची आणि ओझे घेऊन निघायची खुर्ची समजा. डाययुरॉन, ॲट्राझिन, मेट्रिब्युझिन हे सारे त्या खुर्चीवर येऊन ठाण मांडतात. ते ओझे घेत नाहीत आणि उठतही नाहीत.

१९८३ साली हिर्शबर्ग आणि मॅकिंटॉश यांनी माठाच्या कुळातील दाद न देणाऱ्या तणाचे डी-१चे जनुक वाचले. प्रथिनातील २६४व्या जागी सेरीन या अमायनो आम्लाऐवजी ग्लायसीन आले होते. जनुकाच्या लिपीत फक्त एक अक्षर बदलले होते! तेवढ्याने ॲट्राझिनला खुर्चीवर बसता येईना. जीवाणूंतील अशाच प्रथिनाची त्रिमित रचना उलगडल्याबद्दल डायझेनहोफर, हुबर आणि मिशेल यांना १९८८चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या रचनेत खुर्चीवर बसलेला तणनाशकाचा रेणूही प्रत्यक्ष पाहता आला.

या बदलाची किंमतही असते. खुर्ची बदलली, की हमालालाही तेथे नीट बसता येत नाही, इलेक्ट्रॉन सावकाश जातात आणि अशी झाडे बहुधा कमी जोमाने वाढतात. शिवाय हे जनुक केंद्रकात नसून हरितलवकात असते. त्यामुळे या तणांत तो गुण परागाबरोबर न पसरता मातृवनस्पतीकडून बियांत उतरतो. मेंडेलच्या नियमांत न बसणाऱ्या वारशाचे हे एक उत्तम उदाहरण आहे.

मग पीक कसे वाचते?

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. पिकाचे डी-१ आणि सर्वसाधारण तणाचे डी-१ यांत या खुर्चीपुरता फरक नसतो. मक्याची हरितलवके बाहेर काढून त्यांना ॲट्राझिन दिले, तर तीही बंद पडतात. मका वाचतो तो खुर्चीमुळे नव्हे, तर विष खुर्चीपर्यंत पोहोचण्याआधीच त्याची मोडतोड करतो म्हणून. मका आणि ज्वारी यांच्याकडे ॲट्राझिनला ग्लुटाथायोन या रेणूशी जखडून टाकणारे विकर, म्हणजे एन्झाइम, भरपूर असते. ऊसही ॲट्राझिन सहन करतो. सोयाबीन, घेवडा, काकडी यांना ते जमत नाही. म्हणूनच मक्याला मारलेल्या ॲट्राझिनचा अंश जमिनीत उरला, तर त्यानंतर घेतलेले सोयाबीन करपू शकते. पीक आणि तण यांची ओळख रसायनाला नसते. आपण ज्याला पीक म्हणतो त्याच्या पेशीत तोड होती, एवढेच.

भाताचे उदाहरण तर आपल्या खाचरांच्या दृष्टीने फार बोलके आहे. प्रोपॅनिल हे तणनाशकही त्याच खुर्चीवर बसते. भाताच्या पानात त्याचे तुकडे करणारे एक विकर असते आणि खाचरातल्या सावा जातीच्या गवतात ते फारच कमी असते. गवत मरते, भात तगतो. पण प्रोपॅनिलच्या आगेमागे भातावर काही प्रकारची कीटकनाशके फवारली, तर ती याच विकराला निकामी करतात आणि मग भातही करपतो. दोन औषधे प्रत्येकी निर्धोक असली, तरी एकत्र तशी राहतीलच असे नाही.

हा बचाव तणही शिकू शकते. अमेरिकेतील आर्कान्सासच्या भातशेतीत १९९०च्या सुमारास प्रोपॅनिलला दाद न देणारे गवत सापडले. भाताकडे असलेले विकर आता त्याच्याकडेही मुबलक झाले होते. आपल्या देशातील धडा हरियाणा आणि पंजाबचा. तेथे गव्हातील ‘गुल्ली डंडा’ नावाच्या तणावर वर्षानुवर्षे आयसोप्रोट्युरॉन हे एकच तणनाशक मारले गेले. तेही डी-१च्याच खुर्चीवर बसणारे. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच हरियाणातील शास्त्रज्ञांच्या लक्षात आले, की औषध चालेनासे झाले आहे. तणाची खुर्ची बदलली नव्हती. गहू ज्या रीतीने विष मोडतो, तशाच रीतीने तणही ते मोडू लागले होते. दरवर्षी तेच औषध मारून शेतकऱ्यांनी नकळत अशी तणेच निवडून वाढवली. डार्विनच्या नैसर्गिक निवडीचे याहून जवळचे उदाहरण कोणते?

आणखी एक गोष्ट. ही खुर्ची शैवालांतही असते. शेतातले पाणी ओढ्याने नदीत आणि नदीने खाडीत जाते. खाडीच्या पाण्यातील सूक्ष्म शैवालांवर मासे, कोळंबी आणि शेवटी कोळ्याची चूल अवलंबून असते. ऑस्ट्रेलियात उसाच्या शेतांतून वाहून येणारे डाययुरॉन प्रवाळभित्तींच्या समुद्रात सापडू लागले, तेव्हा २०१२ साली तेथे त्याच्या वापरावर निर्बंध आले. भूजलात सापडणाऱ्या अंशांमुळे युरोपीय संघाने ॲट्राझिनला २००४ मध्ये बाहेर काढले. २०२० साली आपल्या केंद्र शासनाने ज्या २७ द्रव्यांवर बंदी घालण्याचा मसुदा काढला होता, त्यांत ही दोन्ही होती.

वर्गात काय करता येईल?

तणनाशक वर्गात आणण्याची मुळीच गरज नाही आणि ते आणूही नये. पालकाची चार-पाच पाने बारीक चिरून थोड्या स्पिरिटमध्ये बुडवा आणि भांडे गरम पाण्यात ठेवा. स्पिरिट लगेच पेट घेते, म्हणून जवळपास ज्योत नको. गडद हिरवा अर्क मिळाला, की तो गाळून काचेच्या नळीत भरा आणि अंधाऱ्या खोलीत निळ्या प्रकाशाची विजेरी त्यावर रोखा, किंवा भर उन्हात प्रकाशाच्या बाजूने त्याकडे पाहा. हिरवा अर्क लालसर चकाकताना दिसेल.

मग मुलांना विचारा: जिवंत पान असे का चकाकत नाही? पानात ही ऊर्जा पुढे न्यायला वाट आहे, अर्कात ती तुटली आहे, हे उत्तर त्यांच्याकडूनच येऊ द्या. डीसीएमयू दिलेले पानही अधिक चकाकते, ते याच कारणाने. तण मेले की नाही हे डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी, ही चकाकी मोजून शास्त्रज्ञ औषधाचा परिणाम ओळखतात.

घोडबंदर रोडवरच्या शाळेत हा प्रयोग करणाऱ्या मुलांपैकी फार थोड्यांनी राब भाजताना पाहिला असेल. त्यांना येऊरच्या पाड्यांवरील एखाद्या आजीकडे न्या आणि बेणणी करताना ती भात आणि गवत कसे ओळखत असे, ते विचारायला सांगा. खोड कसे असते, पान कसे लागते, बोटांना काय जाणवते, हे ती सांगेल. ते सारे मुलांनी वहीत टिपून घ्यावे. तणनाशकाच्या बाटलीवर पिकाचे नाव छापलेले असते. पण आजीच्या बोटांना जो फरक कळत होता, तो आतल्या द्रव्याला कळत नाही. तो कळायला हवा बाटली हाती घेणाऱ्या माणसाला.